मधुमेह असताना बीपीची गोळी कशी ठरते

मधुमेह निघाला की घरातला पहिला बदल चहाच्या कपात होतो. साखर बंद, मग भात कमी, मग आंबा आणि चिकू बंद. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मधल्या काळातली सरासरी साखर, किती आलं याकडे सगळं घर डोळे लावून बसतं. हे चांगलंच आहे. पण त्याच फाइलच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी पेनाने लिहिलेला आणखी एक आकडा असतो, १५०/९० नाहीतर १५६/८८, आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. ‘थोडंसं बीपी आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. मधुमेह असलेल्या माणसाला हे ‘थोडंसं’ फार महागात पडतं. किडनी, डोळे, मेंदू आणि हृदय या चारही ठिकाणी साखरेने सुरू केलेलं नुकसान बीपी झपाट्याने पुढे नेतं.

किती झपाट्याने, ते मोजलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाइप २ मधुमेह नव्यानेच निघालेले ५,१०२ लोक त्यात होते. त्यांच्यातल्या बीपीही असलेल्या १,१४८ जणांचे दोन गट केले. एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ पर्यंत खाली आणलं, दुसऱ्याचं १५४/८७ च्या आसपास राहिलं. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा. १९९८ साली निकाल आले तेव्हा पहिल्या गटात अर्धांगवायूचं प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. डोळे तपासताना भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, त्यावर तीन ओळींनी नजर खाली घसरण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी झाला. दहा अंकांची ही किंमत आहे.

याच अभ्यासाचा पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. अभ्यास संपल्यावर या लोकांचा आणखी दहा वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी सुरुवातीला साखर चांगली सांभाळली होती त्यांना त्याचा फायदा नंतरही मिळत राहिला, अगदी साखरेतला फरक पुसला गेल्यावरसुद्धा. बीपीचं तसं झालं नाही. दोन वर्षांत दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं आणि मिळालेला फायदाही ओसरला. म्हणून ‘डॉक्टर, बीपी आता नॉर्मल आलंय, गोळी बंद करू का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं आहे, आणि गोळी चालू आहे तोवरच राहणार आहे. वजन बरंच उतरलं, मीठ खरंच कमी झालं, तर डोस कमी करता येतो. पण तो डॉक्टरांनी आकडे बघून कमी करायचा, आपण स्ट्रिप संपली म्हणून नाही.

आता मुख्य प्रश्न. बीपीच्या गोळ्या डझनावारी आहेत. शेजारच्या काकांना एक, आपल्या बहिणीला दुसरी, आपल्याला तिसरीच. असं का? मधुमेहात ही निवड फक्त बीपीच्या आकड्यावरून होत नाही, होऊ नये. लघवीतून काय जातंय, हृदयाचा इतिहास काय आहे, उभं राहिल्यावर बीपी किती पडतं, यावरून ती होते. त्यासाठी आधी किडनीच्या आत डोकवावं लागतं.

किडनीतल्या दोन नळ्या

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून जवळजवळ १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक नळी आणि रक्त नेणारी दुसरी. गाळणीत दाब किती राहणार हे या दोन नळ्या किती उघड्या आहेत त्यावर ठरतं. शेतात ठिबकचा फिल्टर ज्यांनी हाताळलाय त्यांना हे लगेच पटेल. अलीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पलीकडचा अर्धा बंद, असं ठेवलं तर प्रेशर गेजचा काटा चढतो आणि आतली जाळी हळूहळू निकामी होते.

मधुमेहात नेमकं हेच घडतं. साखर सतत वाढलेली असली की रक्त आणणारी नळी सैल पडते. दुसरीकडे अँजिओटेन्सिन नावाचं शरीरातलंच रसायन रक्त नेणारी नळी आवळून धरतं. गाळणी दोन्हीकडून दाबाखाली सापडते. त्यात बाहेरचं बीपीही वाढलेलं असेल तर तो दाब थेट आत पोचतो. काही वर्षांनी गाळणी गळायला लागते आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं.

यात काहीही दुखत नाही. लघवी कमी होत नाही, जळजळत नाही, रंग बदलत नाही. पायावर सूज, अन्नावर वासना नाही, जिने चढताना दम, हे सुरू होईपर्यंत किडनीचा बराचसा भाग गेलेला असतो. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिसच्या खुर्चीत. ज्या घरात हे आलंय त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून लघवीची एक तपासणी फार मोलाची आहे. रिपोर्टवर तिचं नाव यूरिन एसीआर असं येतं, लघवीत किती अल्ब्युमिन उतरतंय ते ती मोजते. सकाळच्या लघवीचा थोडासा नमुना पुरतो, उपाशी राहावं लागत नाही. आकडा ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणी गळायला लागली आहे. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे. एक उदाहरण बघू. ५४ वर्षांचे गृहस्थ, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) ०.९, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) १०१, एसीआर १८०. पहिले दोन आकडे बघून कुणीही म्हणेल की किडनी ठणठणीत आहे. तिसरा आकडा सांगतो की नाही, इथे आजार सुरू झालाय आणि तो थोपवायची सगळ्यात चांगली वेळ हीच आहे. दुर्दैवाने कित्येक फाइलींमध्ये दहा वर्षांची क्रिएटिनिनं सापडतात आणि एसीआर एकदाही नसतो.

ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीची दमछाक, मासिक पाळी, यांनी हा आकडा उगाच वाढतो. म्हणून एकाच रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. तीन-सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तर तो खरा. टाइप २ मधुमेहात निदान होतं त्याच दिवशी, आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी.

प्रिल आणि सार्टन

बीपीच्या गोळ्यांच्या दोन जाती अशा आहेत की त्या रक्त नेणारी ती आवळलेली नळी मोकळी करतात. एकीच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा होतो: रॅमिप्रिल, एनालाप्रिल. दुसरीचा ‘सार्टन’ असा: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. प्रिल अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाही, सार्टन त्याला चिकटायला जागा देत नाही. पहिलं प्रिल म्हणजे कॅप्टोप्रिल. त्याचा उगम ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात आहे. सेर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्या विषात बीपी उतरवणारा घटक ओळखला होता. त्या धाग्यावरून पुढे गोळी बनली आणि १९८१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ज्या विषाने माणसं दगावतात त्याच्या अभ्यासातून लाखोंच्या किडन्या वाचवणारी औषधं निघाली, हे मला आजही थक्क करतं.

या गोळ्या फक्त बीपी उतरवतात म्हणून चांगल्या आहेत का? ही शंका रास्त होती, आणि २००१ साली तिचं उत्तर मिळालं. टाइप २ मधुमेह आणि लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांच्या एका अभ्यासात काहींना इर्बेसार्टन दिलं, काहींना अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची वेगळ्या जातीची गोळी. दोन्हीकडे बीपी जवळजवळ सारखंच उतरलं. तरीही क्रिएटिनिन दुप्पट होणं, डायलिसिसची वेळ येणं किंवा मृत्यू, हा एकत्रित धोका सार्टनवाल्यांमध्ये २३ टक्क्यांनी कमी निघाला. आकडा तोच, किडनीचं भवितव्य वेगळं. त्याच वर्षी १,५१३ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात लोसार्टनने किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी खाली आणलं.

यावरून ‘मधुमेह म्हणजे टेल्मिसार्टन’ असं समीकरण करून टाकतात, ते मात्र पुरतं खरं नाही. एसीआर ३० च्या आत आहे आणि हृदयाच्या धमन्यांचा आजार नाही, अशा माणसाला अ‍ॅम्लोडिपिन किंवा क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळीही तितकीच चालते. २००२ सालच्या ऑलहॅट या प्रचंड अभ्यासात हार्ट अटॅक टाळण्यात प्रिल, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन ही तिन्ही सारखीच ठरली, मधुमेहींमध्येसुद्धा. लघवीत प्रथिन दिसलं की मात्र प्रिल किंवा सार्टन पहिलं. आणि तेही नुसतं नावाला नको. अभ्यासांमध्ये दिसलेला फायदा भरपूर डोसचा आहे. टेल्मिसार्टन २० वर वर्षानुवर्षं थांबलेले, एसीआर ४०० असलेले रुग्ण दिसतात तेव्हा वाईट वाटतं. बीपी आणि पोटॅशियम झेपेल तिथवर डोस वाढवायला हवा.

दोघांमधलं एक निवडायचं. प्रिल आणि सार्टन एकत्र घेतले तर दुप्पट फायदा होईल असं एके काळी वाटलं होतं. २००८ आणि २०१३ सालच्या दोन मोठ्या अभ्यासांत उलटंच दिसलं: पोटॅशियम वाढलं, किडनी अचानक बसण्याचे प्रकार वाढले. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांच्या पिशवीत कधी कधी दोन्ही सापडतात, म्हणून हे सांगणं गरजेचं.

प्रिलने काहींना कोरडा खोकला सुरू होतो, आपल्याकडच्या लोकांमध्ये जरा जास्तच. कफ सिरपच्या बाटल्या संपतात, छातीचा एक्स-रे निघतो, आणि कारण असतं सकाळची गोळी. सार्टनवर बदललं की काही आठवड्यांत खोकला जातो. ओठ किंवा जीभ अचानक सुजली तर मात्र ते तातडीचं काम, लगेच दवाखाना गाठायचा. आणि दिवस राहण्याचा विचार करत असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईने प्रिल आणि सार्टन दोन्ही घ्यायचे नाहीत, पोटातल्या बाळाच्या किडनीला त्यांनी इजा होते. तिच्यासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा वेगळ्या गोळ्या आहेत.

‘बीपीच्या गोळीने किडनी खराब झाली’

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकू येईल, आणि त्यामागे एक खरी घटना असते. गोळी सुरू केली, दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं. घरचे घाबरले, गोळी बंद. पुढच्या रिपोर्टला क्रिएटिनिन पुन्हा १.२. झालं, गोळीवर गुन्हा सिद्ध!

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. गोळीने रक्त नेणारी नळी मोकळी केली, गाळणीतला दाब उतरला. दाब उतरला की गाळायचं काम किंचित मंदावतं, म्हणून क्रिएटिनिन थोडं चढतं. म्हणजे गोळी जे करायला दिली होती तेच ती करते आहे. क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढून तिथेच थांबलं तर ते अपेक्षित आहे आणि गोळी चालू ठेवायची. १.२ चं १.४ म्हणजे वाढ १७ टक्क्यांच्या आसपास. त्यापेक्षा जास्त वाढलं, किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, तर डॉक्टर कारण शोधतात: जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं का, मध्ये वेदनाशामक गोळ्या घेतल्या का, किडनीच्या मुख्य धमनीत अडथळा आहे का. म्हणून ही गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासायचंच. पैसे वाचवायला ही तपासणी टाळू नका.

किडनीला खरोखर मारणारी गोळी बहुतेक घरांत दुसऱ्याच डब्यात असते. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, कंबरेला आयब्युप्रोफेन, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. सार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी कमी होतो. शिवाय या वेदनाशामक गोळ्या बीपीही वाढवतात. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे आधी. ‘अंगदुखीची साधी गोळी द्या’ असं मेडिकलवाल्याला म्हणताना आपल्याला मधुमेह आणि बीपी आहे हे त्याच वाक्यात सांगा.

जुलाब, उलट्या, सणकून ताप, पोटात काही टिकत नाही, अशा दिवसांत सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि पुढे सांगितलेल्या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. नीट खाणंपिणं सुरू झालं की दोन-तीन दिवसांत त्या पुन्हा चालू होतात. पुन्हा चालू करायचं राहून जातं, ते मात्र होऊ देऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आजारपणात इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही.

पोटॅशियमचं आणखी एक. ‘लो सोडियम’ म्हणून विकत मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्यांची किडनी कमजोर आहे आणि सार्टन चालू आहे त्यांना ते मीठ आणि रोजचं शहाळं धोक्याचं ठरू शकतं. बीपीसाठी नेहमीचंच मीठ कमी करायचं. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात भाजीतलंच नव्हे तर लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, सुकट, सुके बोंबील सगळं आलं.

बाकीच्या गोळ्या

अ‍ॅम्लोडिपिन चांगली, स्वस्त, भरवशाची गोळी आहे. तिची एकच कटकट, घोट्यांवर सूज. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुततात, मोजे काढले की गोल खूण राहते. ही सूज मीठ किंवा किडनीमुळे नसते, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने पाणी झिरपून येते. त्यामुळे लघवीची गोळी देऊन ती फारशी जात नाही. डोस १० वरून ५ केला किंवा सोबत सार्टन जोडलं की बऱ्याच जणांची उतरते. पण मधुमेहात सूज दिसली की आधी एसीआर, हृदय आणि यकृत बघायचं, सगळा दोष अ‍ॅम्लोडिपिनवर ढकलायचा नाही.

क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या साखर किंचित वाढवतात, पोटॅशियम आणि सोडियम खाली आणतात. वयस्क माणूस नवीन गोळीनंतर गळून गेला, बरळायला लागला तर सोडियम लगेच तपासा. तेवढी काळजी घेतली तर वापरायला उत्तम.

अटेनोलॉल, मेटोप्रोलोल या बीटा ब्लॉकर गोळ्या आता नुसत्या बीपीसाठी पहिल्या देत नाहीत. हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीत दुखतं, हृदय कमजोर आहे, तिथे त्यांची जागा पक्की आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: साखर फार उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, या खुणा बीटा ब्लॉकर दाबून टाकतो. घाम मात्र येतोच. म्हणून अचानक दरदरून घाम आला की ग्लुकोमीटर काढायचा. आणि ही गोळी एकाएकी बंद करायची नाही.

स्ट्रिपवर ठळक अक्षरात ब्रँडचं नाव असतं, पण वाचायचं ते खालचं बारीक. नावापुढे ‘एएम’ असेल तर सहसा आत अ‍ॅम्लोडिपिन असतं, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. दोन दवाखान्यांतून दोन वेगळ्या ब्रँडखाली एकच औषध चालू असलेले रुग्ण सर्रास सापडतात. बीपी १५०/९० च्या वर असेल तर सुरुवातच दोन औषधांनी करणं योग्य मानतात, आणि एकाच गोळीत दोन्ही असली तर विसरायलाही कमी होतं. ‘दोन-दोन औषधं म्हणजे आजार वाढला’ असं नाही. यूकेपीडीएसमध्ये बीपी घट्ट आवरलेल्या गटात नऊ वर्षांनी २९ टक्के लोकांना तीन किंवा जास्त औषधं लागत होती. गोळी सकाळी की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात २०२२ साली फरक आढळला नाही. रोज आठवेल ती वेळ आपली.

गेल्या दहा वर्षांत खरा बदल घडवला तो डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी. त्या मुळात साखरेच्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या. पण त्या रक्त आणणारी सैल नळी पुन्हा आवळतात, म्हणजे सार्टन एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला. २०१८ साली कॅनाग्लिफ्लोझिनचा आणि २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचा किडनीवरचा अभ्यास वेळेआधी थांबवला गेला, कारण फायदा इतका स्पष्ट होता. बहुतेक सगळ्या रुग्णांना सार्टन किंवा प्रिल आधीपासून चालू होतं, त्यावर हा जास्तीचा फायदा. बीपीही तीन-चार अंकांनी उतरतं. जननेंद्रियांना खाज, बुरशी होऊ शकते, स्वच्छता सांभाळावी लागते. आणि कडक उपवास, मोठं ऑपरेशन यांच्या काही दिवस आधी ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणाऱ्यांनी हे घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

मोजमाप आणि पाय

गोळी चुकीची निवडली जाते त्याआधी बऱ्याचदा बीपी चुकीचं मोजलेलं असतं. जिना चढून आले, खुर्चीवर टेकले आणि लगेच पट्टा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. गावाकडे बायका दात घासायला मशेरी लावतात, ती पण तंबाखूच. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला, बाही वर सरकवून दंड आवळलेला नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. घरी येणारं १३५/८५ हे दवाखान्यातल्या १४०/९० इतकं धरतात.

मधुमेह जुना असेल तर उभं राहून बीपी मोजायलाच हवं. साखरेने बारीक नसा दुखावल्या की उठल्यावर रक्तवाहिन्या वेळेत आवळत नाहीत. बसून १५०, उभं राहून तीन मिनिटांत १२०, अशा माणसाला बसलेला आकडा बघून गोळी वाढवली तर तो पहाटे मोरीत पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्याही यात भर घालतात.

लक्ष्य किती? बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या आत. २०१० सालच्या अमेरिकी अभ्यासात १२० च्या खाली नेल्याने एकूण हृदयविकारात ठळक फरक पडला नव्हता, अर्धांगवायू मात्र कमी झाले. २०२४ साली चीनमधून आलेल्या मोठ्या अभ्यासात १२० च्या खाली ठेवलेल्यांना हार्ट अटॅक, अर्धांगवायू असे मोठे धक्के कमी बसले, पण बीपी फार पडणं आणि पोटॅशियम वाढणंही जास्त दिसलं. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला जरा खाली नेणं परवडतं, ऐंशीच्या आजीला चक्कर येत असेल तर नाही.

डोळ्यांसाठी बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे. पायांवर मात्र बीपीच्या गोळीचा फार उपयोग नाही, तिथे डोळे आणि हात वापरावे लागतात. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. पायी वारीला जाणाऱ्यांनी अनवाणी चालायचा हट्ट धरू नये. संवेदना गेलेल्या तळव्याला खडा टोचल्याचं कळत नाही, आणि पंढरपूर येईपर्यंत त्या जागी जखम झालेली असते. एमसीआर या मऊ रबराच्या चपला मिळतात, त्या आधी घरात वापरून पाय सरावू द्या. आषाढात चालताना घाम आणि जुलाबांनी पाणी कमी होतं, तेव्हा वर सांगितलेल्या थांबवायच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत असू द्या.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि त्यानंतर किमती खूप उतरल्या. जनऔषधी केंद्रात बीपीच्या सगळ्या मुख्य गोळ्या मिळतात. बीपीसाठीचा केंद्राचा उपक्रम ज्या राज्यांत सुरुवातीला आला त्यांत महाराष्ट्र होता, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन मोफत मिळायला हवं. एसीआर तिथे होत नसेल तर निदान लघवीची पट्टी लावून प्रथिन आहे का ते बघतात. पट्टीवर प्रथिन दिसलं तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन एसीआर करून घ्या. पट्टी कोरी आली तरी वर्षातून एकदा तो करून घ्या, कारण ३० ते ३०० मधली गळती पट्टीला बऱ्याचदा दिसतच नाही.